कुन्झेसची शेळी, चोरोलचा गोंडा

पलीकडच्या गावांत शेळ्यामेंढ्यांच्या कानांना खाचा पाडतात. या घराची एक, त्या घराच्या दोन, म्हणजे कळपात सरमिसळ झाली तरी भांडण नको. आमच्या स्क्युलुंगमध्ये नऊ घरं आणि दोनशेच्या वर जनावरं, पण एकाही कानाला खाच नाही. कारण आमच्याकडे कुन्झेस आहे.

वरच्या घरची कुन्झेस. वय एकसष्ट, अंगानं लहानखुरी, तोंडानं फटकळ. कुठलंही जनावर तिच्यापुढे उभं करा. ते कुणाचं, त्याची आई कोणती, कुठल्या हिवाळ्यात जन्मलं, सगळं सांगून वर तुम्हालाच विचारेल, "डोळे काय फक्त छांगची दारू शोधायला दिलेत का रे?" एकदा दोन सख्खे भाऊ एका करडावरून गुद्द्यांवर आले होते. कुन्झेसनं करडाचं थोबाड धरून वर केलं, म्हणाली, "थोरल्याचं," आणि आपल्या वाटेनं निघून गेली. धाकटा त्याच संध्याकाळी भावाकडे जेवायला होता. इतका तिचा शब्द चालायचा. आता अशा बाईनं एकदा लबाडी करायची ठरवली तर तिला पकडणार कोण? कुणी पकडलीही नाही. तिथूनच तिचं डोकं फिरायला लागलं.

तिच्या उताराच्या खाली चोरोलचं घर. चोरोल आणि कुन्झेस एकाच आठवड्यात सुना म्हणून या गावात आल्या. पहिलं वर्षभर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, कारण कुणाच्या डोक्यावरच्या पेरकात जास्त पिरोजे होते यावर वाद झाला होता. मग एका हिवाळ्यात दोघींच्या मेंढ्या एकाच दिवशी व्यायल्या, रात्रंदिवस गोठ्यात एकत्र बसावं लागलं, आणि तेव्हापासून एकीनं शिंकलं तर दुसरी नाक पुसायची. चाळीस वर्षं असं चाललं. मग गेल्या वसंतात चोरोल छातीच्या दुखण्यानं लेहला गेली, महिनाभर दवाखान्यात राहिली आणि परत आली ती निम्मी होऊन. कुन्झेस भेटायला गेली. खोलीच्या दारात उभं राहून तिनं चोरोलचा श्वास ऐकला. तिचा नवरा गेला तेव्हा शेवटचे चार महिने याच आवाजात श्वास घ्यायचा. कुन्झेस म्हणाली, "चुलीवर दूध ठेवलंय गं," आणि निघाली ती पुन्हा फिरकली नाही. कधी जव निवडायचे होते, कधी शेण गोळा करायचं होतं. गावात सगळ्यांना वाटलं, कामाची बाई आहे. तिला मात्र स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून जाणं आणखी अवघड होत होतं.

चोरोलचा मुलगा मुरुप. लामांनी त्याला सांगितलं की आईच्या नावानं एक जीव सोड. म्हणजे कळपातलं एक जनावर निवडायचं, लामांनी मंत्र म्हणायचे, घरच्यानं तोंडानं नाव घेऊन सांगायचं, की हा जीव अमक्याच्या आयुष्यासाठी मोकळा. मग त्याच्या कानात लाल लोकरीचा गोंडा ओवायचा. त्याला पुढे कुणी विकायचं नाही, कापायचं नाही. मुरुपनं साहजिकच कुन्झेसला बोलावलं. तिनं एक पांढरी शेळी निवडली, डाव्या गुडघ्यावर काळा डाग असलेली, आणि अंगणातच गोंडा ओवून दिला. आत मात्र गेली नाही. चोरोलनं खिडकीतून हाक मारली होती. कुन्झेस म्हणाली, "हात घाण आहेत माझे."

उन्हाळ्यात चोरोल उठून बसायला लागली. गाव म्हणालं, गोंड्यानं गुण दिला.

शरदात जव कापून झाले. आमच्याकडे गावचा सगळा कळप एकत्र चरायला जातो, आणि राखणीची पाळी रोज वेगळ्या घराची. त्या दिवशी पाळी कुन्झेसची होती. दुपार कलली तेव्हा ती कळप वळवायला कड्याखाली गेली, आणि समोर हिमबिबट्या.

जन्म इथे काढूनही तिनं तो तीनदाच पाहिला होता, तोही लांबून, दगडासारखा दगडांत बसलेला. त्याचे पाय, त्याची विष्ठा, त्यानं सोडलेली हाडं, हे सगळं शेजाऱ्याच्या सवयींइतकं ठाऊक. पण हा दहा पावलांवर होता. पांढऱ्या शेळीचा गळा तोंडात धरून पसरला होता आणि नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता. शेपटीचं टोक तुटलेलं. त्याच्या जबड्याशेजारी लाल गोंडा.

कुन्झेसनं गोफण काढली. एक दगड त्याच्या डाव्या अंगाला आपटला, एक उजव्या. तो हलला नाही. ती ओरडली, "सोड! ती तुझी नाहीये!" आणि ओरडता ओरडताच गोंधळली. कारण तिचा सासरा सांगायचा की हा डोंगराच्या देवाचा कुत्रा आहे. शेळी तर देवाच्या नावानं सोडलेली. मग देवाच्या कुत्र्यानं देवाची शेळी घेतली तर त्याला चोरी म्हणायचं, की वसुली? देवानं चोरोलसाठी दिलेला जीव पदरात घेतला, की नको म्हणून तोंडावर फेकला? ती गोफण हातात धरून तिथेच उभी राहिली. चारचौघांसारखी शेळीचे मागचे पाय धरून ओढायची, आरडाओरडा करायची, तेही सुचलं नाही.

थोड्या वेळानं बिबट्याच उठला, वरच्या दगडावर जाऊन बसला आणि पंजा चाटायला लागला, जणू म्हणत होता, तुझं उरकून घे. कुन्झेस गेली. शेळी मेली होती. तिनं कानातून गोंडा काढला, मुठीत धरला आणि कळपाला हाकलत खाली निघाली.

वाटेत तिला एकच दिसत होतं. ही बातमी चोरोलच्या खोलीत जाणार, आणि तो श्वास थांबणार.

गावाच्या वरच्या ओढ्यापाशी तिनं कळप थांबवला आणि स्वतःच्या ओमाला धरलं. ओमा त्या मेलेल्या, करडू असतानाच चोरोलकडे गेलेल्या शेळीची एका वर्षानं धाकटी बहीण, तशीच पांढरी. फक्त गुडघ्यावर डाग नाही. कुन्झेसनं कमरेच्या सुईनं तिचा कान टोचला, गोंडा ओवला आणि चहाच्या भांड्याच्या बुडाची काजळी तिच्या गुडघ्याला फासली. ओमा जीव खाऊन ओरडली. "गप," कुन्झेस म्हणाली. "चार दिवसांचं आहे. चोरोल हिंडायला लागली की सांगून टाकू."

गावात तिनं सांगितलं, "माझी ओमा गेली. शेपूट तुटक्यानं नेली."

मुरुप हळहळला. तो हिवाळ्यात पाहुण्यांना दुर्बिणीतून बिबट्या दाखवायचं काम करतो. दर हिवाळ्यात बिबट्या दिसावा म्हणून नवस आणि दर शरदात त्याच बिबट्याला शिव्या, असं त्याचं दुहेरी खातं. तो मावशीच्या नात्यानं म्हणाला, "आने, फोटो काढला असतास तर वन्यजीव खात्याकडून भरपाई मिळाली असती. चल, जागा दाखव, मी काढतो."

"काही नको!" कुन्झेस इतक्या जोरात म्हणाली की मुरुप एक पाऊल मागे सरकला.

"अगं पण मिळतंय तर—"

"नको म्हटलं ना. माझी शेळी, माझा बिबट्या."

लबाडी करणाऱ्यानं सगळ्यांचा विचार केला होता, शेळीचा केला नव्हता. आमच्याकडे संध्याकाळी कळप गावात शिरला की ज्याचं त्याचं जनावर आपापल्या दाराशी जातं, कुणाला हाकावं लागत नाही. ओमाही गेली, कुन्झेसच्या दाराशी. जन्मापासून जात होती तशी. कानात लाल गोंडा, गुडघ्याला काजळी, आणि दार उघड म्हणून ओरडतेय. कुन्झेसनं घाईघाईनं काठी घेतली आणि तिला चोरोलच्या गोठ्याकडे हाकललं. दुसऱ्या दिवशी तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. गाव म्हणालं, बघा, सोडलेल्या जिवाची किती काळजी घेते. रोज स्वतः घरी पोचवते.

चौथ्या दिवशी चोरोलनं खिडकीतून हाक मारली. "एवढी खाली आलीसच, तर चहा घेऊन जा."

आता नाही म्हणायला तोंड कुठलं? कुन्झेस आत गेली, दाराजवळच बसली आणि चहाच्या घोटांमधून चोरोलचा श्वास मोजायला लागली. खरी शेळी मेल्याला चार दिवस झाले होते, आणि ही बाई तर जिवंत. उद्या बघू, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग रोजच. चहा, जवाचं पीठ, गावच्या कुचाळक्या, आणि मनात मोजणी. चोरोलचा श्वास काही बिघडेना. उलट दोन आठवड्यांनी ती भिंत धरून अंगणापर्यंत आली.

कुन्झेसला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पोटात नुसता गुंता. गुण खऱ्या शेळीचा म्हणावा तर ती बिबट्याच्या पोटात. गोंड्याचा म्हणावा तर तो भलत्याच कानात. लेहच्या गोळ्यांचा म्हणावा तर मग लामांनी एवढे मंत्र कशाला म्हटले? शेवटी लोण्याचा गोळा घेऊन ती अर्धा दिवस चालत लामांच्या मठात, गोन्पाला गेली.

"लामा-ले," ती म्हणाली, "एका बाईचा प्रश्न आहे. पलीकडच्या गावातली. तुमच्या ओळखीची नाही."

"बरं."

"सोडलेली शेळी बिबट्यानं खाल्ली तर?"

"तर खाल्ली. आपण तिला सुरीपासून सोडवतो, डोंगरापासून नाही. पुण्य कुठे जात नाही."

कुन्झेसचा जीव भांड्यात पडला. तो तिथे राहू द्यायचा, तर तिनं पुढचं विचारलं. "आणि त्या बाईनं गोंडा काढून दुसऱ्या शेळीला बांधला असेल तर?"

लामांनी लोण्यावरची नजर वर केली. "कशाला?"

"ते... बाईच तशी आहे ती. डोक्यानं जरा कमी."

"तोंडानं नाव घेऊन सोडली का ती दुसरी शेळी?"

"नाही. घाईत होती."

"मग ती नुसती शेळी, आणि तो नुसता धागा," लामा म्हणाले. "आणि सांग त्या बाईला, लोणी जरा खारट झालंय."

परतीच्या वाटेवर ती तीनदा थांबली. पुण्य होतं तसंच होतं. म्हणजे त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं! बिघडवलं ते तिच्या लबाडीनं. पण बिघडलं तरी काय? चोरोल तर सुधारतेय. आता जाऊन सांगावं, तर ती विचारणार, इतके दिवस माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस, तेव्हा तोंडाला काय झालं होतं? आणि ज्या गावात तिच्या शब्दावर कानाला खाच पाडत नाहीत, ते गाव काय म्हणणार? रोज संध्याकाळी जाताना ती ठरवायची, आज बोलायचं. रोज चहा पिऊन परत यायची. बर्फ पडायला लागल्यावर तर ओमाच्या गुडघ्याची काजळी दर दोन दिवसांनी फासावी लागे.

मग एका सकाळी मुरुपच्या गोठ्यातून आरडाओरडा ऐकू आला.

गोठ्याच्या छपराला उजेडासाठी एक भोक असतं, त्यावर काटेरी फांद्या टाकतात. फांद्या खाली पडल्या होत्या. आत उतरलेल्या बिबट्याला बाहेर पडता आलं नव्हतं. कुन्झेस पोचली तेव्हा सगळं गाव छपरावर होतं. मेमे आंगचुक, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, धोंड्यांचा ढीग रचून बसला होता. त्याच्या तीन मेंढ्या थंडीसाठी याच गोठ्यात होत्या.

"आमच्या वेळी हे असं फोन करत बसत नव्हते," तो म्हणाला. "भोकातून धोंडे टाकले की संपलं."

"मेमे, खात्याची माणसं दुपारपर्यंत येतील," मुरुप म्हणाला. पण त्याचा स्वतःचा हात एका धोंड्यावर होता, आणि डोळ्यांत पाणी. आत अकरा जनावरं आडवी पडली होती. "मी याला पाहुण्यांना दाखवतो गं आने. याच्या शेपटीवरून ओळखतो मी याला. आणि हा माझ्याच घरात..."

कुन्झेसनं भोकातून आत पाहिलं. अकरा मढी. एका कोपऱ्यात तो बसलेला, तुटक्या शेपटीचा, खाऊन सुस्त. आणि दुसऱ्या कोपऱ्यात, त्याच्यापासून दोन हातांवर, उभी होती ओमा. जिवंत. कानात लाल गोंडा. ओरखडाही नाही.

मग कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच. मेमे आंगचुकनं हातातला धोंडा खाली ठेवला.

"देवाच्या कुत्र्यानं देवाची शेळी ओळखली," तो म्हणाला. "सगळी मारली, ती सोडली. अरे, याला कसं मारायचं?"

कुन्झेस ओमाकडे बघत राहिली. याच बिबट्यानं, याच तोंडानं, खरी सोडलेली शेळी मारली होती. आणि ही, जिच्यावर ना मंत्र ना नाव, हिला मात्र हात लावला नाही. यानं ओळखलं तरी काय? लाल लोकर? की पोट भरलं होतं एवढंच?

"आने," मुरुप म्हणाला, "तू सांग. आमचीच आहे ना ही? आईची?"

सगळी तिच्याकडे बघत होती. चाळीस वर्षं बघत आली होती तशी, तिच्या एका शब्दासाठी. आजवर तिनं गोंडा बांधला होता, काजळी फासली होती, पण 'ही चोरोलची' असं कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आता नाही म्हटलं तर धोंडे पुन्हा उचलले जाणार आणि तो आत चेचून मरणार. हो म्हटलं तर या गावात तिच्या शब्दाला उरलं काय? तिनं तोंड उघडलं.

"आने?"

"ती..." कुन्झेस म्हणाली. "ती शेळी..."

"माझी आहे," खालून कुणीतरी म्हणालं.

चोरोल अंगणात उभी होती. घोंगडी गुंडाळलेली, एक हात भिंतीला, चेहरा चालून चालून निळसर. बर्फ पडल्यापासून ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून बाहेर आली होती.

"तिला काय विचारता? माझी शेळी मला कळत नाही का?" मध्ये श्वासासाठी थांबत ती म्हणाली. "माझी शेळी जिवंत आहे ना? मग मुरुप, दार उघड. जाऊ दे त्याला."

मेमे आंगचुकनं सगळ्यांना छपरावर मागे सरकायला लावलं. मुरुपनं वरूनच लांब काठीनं दाराचा अडसर सरकवला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो बाहेर आला. पळाला नाही. अंगणात थांबला, छपरावरच्या माणसांकडे एकदा बघितलं, आणि जड पोटानं उतार चढत दगडांत शिरला. नंतर कितीही डोळे ताणले तरी दिसला नाही. मागोमाग ओमा बाहेर आली आणि भिंतीजवळची शेणी हुंगायला लागली.

सगळा दिवस मढी ओढण्यात आणि रडण्यात गेला. संध्याकाळी ओमा, सकाळी एवढं घडूनही, चढ चढून कुन्झेसच्या दाराशी येऊन उभी राहिली. कुन्झेसनं काठी घेतली. बाहेर बघते तर दगडी कठड्यावर चोरोल बसलेली. एवढा चढ चढून आली होती, आणि तिची छाती भात्यासारखी हलत होती.

"राहू दे तिला," चोरोल म्हणाली. "आज तरी झोपू दे तिच्या घरी. भ्यालीये."

कुन्झेसच्या हातातली काठी तशीच राहिली. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच संध्याकाळी. माझी खिडकी वरच उघडते ना? शेळी तुझ्या दाराशी जाते, आणि तू तिला चोरासारखी खाली आणतेस. एखादा दिवस वाट चुकेल गं शेळी. रोज?" ती खोकली. "आणि ती काजळी! बर्फाच्या दिवशी गुडघा पांढरा, दुसऱ्या दिवशी काळा. मुरुप दुर्बिणीशिवाय काही बघत नाही म्हणून वाचलीस."

"मग बोलली का नाहीस?" कुन्झेसला एकदम रडू फुटलं, आणि रागही आला. "मी इथे वेडी व्हायची वेळ आलीये! रोज तुझे श्वास मोजत बसते मी!"

"तेच तर," चोरोल म्हणाली. "लेहहून आल्यापासून पाच महिने तू माझ्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतंस. खिडकीतून नुसती तुझी पाठ दिसायची. मग ही शेळी घेऊन रोज यायला लागलीस. मी बोलले असते तर शेळी गेली असती, आणि तिच्यामागोमाग तूही."

कुन्झेस कठड्यावर बसली. दोघींचे श्वास शेजारी शेजारी चालले. एकीचा साधा, एकीचा घरघरणारा.

"पण तू मेली कशी नाहीस?" शेवटी कुन्झेसनं विचारलं. अगदी मनापासून. "शेळी तर पहिल्याच दिवशी मेली. ही नुसती धागा बांधलेली. लामांनीच सांगितलं. मग तू जगलीस कशावर?"

चोरोल हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि कुन्झेसनं तिची पाठ चोळली. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मरेन तेव्हा मरेन. तोवर हिला नीट सोड तरी. तोंडानं म्हण. आपल्यात हिशोब बाकी नको."

कुन्झेसनं ओमाचा कान धरला, गोंडा बोटांत घेतला आणि म्हणाली, "हा जीव मी मोकळा करते. आयुष्यासाठी... आयुष्यासाठी..." आणि अडखळली. चोरोलच्या, असं म्हणायचं होतं. पण मग अकरा मढी आठवली, मुरुपचे डोळे आठवले, आणि उतार चढत गेलेला तो तुटक्या शेपटीचाही आठवला. नेमकं कुणाचं नाव घ्यायचं ते तिला काही केल्या ठरेना.

"जाऊ दे," चोरोल म्हणाली. "उद्या म्हण. चहा टाक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळप गावात शिरला आणि ओमा चढ चढून कुन्झेसच्या दाराशी आली. कुन्झेसनं काठी घेतली आणि तिला खालच्या घराकडे हाकलत नेलं.